पडद्यावरचा काळोख

मी अकोल्याचा. इंजिनिअरिंग अमरावतीला केलं, नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण २०२० पासून काम घरूनच चालतं, जठारपेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीतून. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री जेवण झाल्यावर तासभर गेम खेळायचा, एवढाच माझा शौक. 'लिम्बो' हा त्यातला आवडता. २०१० साली आलेला हा गेम पूर्ण काळा-पांढरा आहे. एक लहान मुलगा अंधाऱ्या जंगलातून चालत जातो आणि समोरचा धोका दिसायच्या आत मरतो. सगळी गंमत काळोखाची. माझ्या जुन्या मॉनिटरवर मात्र तो काळोख कधी दिसलाच नाही.

एका रात्री बाबा वर आले, मागे उभं राहून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे काळं नाई राजा, हे राखुंडी हाय."

बाबांचं म्हणणं मी सहज उडवून लावू शकत नाही. आयटीआय करून त्यांनी १९८८ मध्ये टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते २०१२ पर्यंत चालवलं. तेव्हा नवा मॉनिटर घ्यायचा तर काळं खरंच काळं दिसणारा घ्यायचा, असं ठरलं. त्यासाठी वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की हा प्रश्न मॉनिटरपेक्षा खूप जुना आहे. पडदा कुठलाही असो, त्याला काळा रंग टाकता येत नाही. टाकता येतो तो फक्त उजेड. काळं दाखवायचं म्हणजे उजेड अडवायचा. हे अडवण्याचं काम कोणी करायचं, याचं उत्तर दर पिढीत बदलत गेलं.

आबाजींच्या पिढीत ते काम सूर्यास्ताचं होतं. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या शेवटी सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. रोडगे आणि हंडीच्या मटणासाठी आजही लोक तिथे जातात. आबाजींनी तरुणपणी तिथल्या तंबूत सिनेमे पाहिले. "दिवस बुडाल्याबिगर मशीनच सुरू नाई होये," असं ते सांगायचे. कारण साधं होतं. तंबूच्या कापडातून दिवसाचा उजेड आत यायचा, आणि पांढऱ्या पडद्यावर उजेड पडलेला असला की चित्रातलं काळं त्या उजेडापेक्षा काळं होऊच शकत नाही. प्रोजेक्टर कितीही चांगला असो, त्याला त्यावर उपाय नाही.

पक्की टॉकीज आली तेव्हा हे काम भिंतींनी आणि दाराच्या जाड पडद्यांनी घेतलं. भर मे महिन्यात दुपारी बाराचा खेळ त्यामुळे शक्य झाला. वऱ्हाडात सिनेमा किती रुजला हे अमरावतीत फिरताना कळतं. चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक ही टॉकीजची नावं चौकांना चिकटून बसली आहेत. सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला आजही 'सीपी बेरार' म्हणतात आणि अमरावती हे त्या सर्किटमधलं वितरणाचं मोठं केंद्र होतं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रांत गेला, पण सिनेमाच्या करारांमध्ये त्याचं नाव राहिलं.

मग टीव्ही आला आणि पडदा घरात शिरला. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं. बाबांचं दुकान याच लाटेवर उभं राहिलं. पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन काचेच्या आतल्या लेपावर आदळतो आणि तिथे उजेड पडतो. झोत थांबवला की तिथे काळं. तत्त्व सोपं असलं तरी झोत नेमका कुठे थांबायला हवा, हे प्रत्येक सेटला वेगळं लावावं लागे. त्यासाठी आत 'एलओटी' नावाच्या ट्रान्सफॉर्मरवर दोन गोल खुंट्या असत, एक फोकसची आणि एक स्क्रीनची. स्क्रीनची खुंटी जास्त फिरली तर काळ्या जागी धुरकट उजेड येई आणि चित्रावर तिरप्या पांढऱ्या रेघा दिसू लागत. कमी फिरली तर अंधारातली माणसं गडप. बाबा आधी रेघा दिसेपर्यंत खुंटी वाढवत, मग त्या जेमतेम दिसेनाशा होईपर्यंत हळूहळू मागे आणत. मी लहानपणी स्टुलावर बसून हे कितीदा तरी पाहिलंय. म्हणजे अकोल्यातल्या काही शे घरांत रात्रीच्या सिनेमात काळं किती काळं दिसेल, हे माझ्या वडिलांच्या बोटांनी ठरवलं होतं.

एलसीडीने ती खुंटी काढून टाकली. या पडद्यामागे दिवा कायम जळत असतो आणि पुढे द्रव स्फटिकांच्या लाखो बारीक झडपा असतात. काळं हवं तिथे झडप बंद होते, पण पूर्ण बंद कधीच होत नाही. थोडा उजेड गळतोच. त्याचाच हिशेब म्हणजे कॉन्ट्रास्टचा आकडा. नव्वदच्या दशकात आलेल्या आयपीएस पॅनेलचा हा आकडा साधारण १०००:१ असतो. पांढरा ३०० निट असेल तर काळा ०.३ निट. त्याच दशकातल्या व्हीए पॅनेलमध्ये वीज नसताना स्फटिक काचेला काटकोनात उभे राहतात, त्यामुळे झडप जास्त घट्ट बसते आणि आकडा ३०००:१ किंवा त्याहून वर जातो. काळा ०.१ निट. बदल्यात व्हीएमध्ये दोन खोडी येतात. बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात, आणि काळ्यातून राखाडीकडे जाणारी हलती आकृती मागे शेपूट सोडते.

लोकांनी ही गळती का चालवून घेतली? २००७ मध्ये पायोनियरने 'कुरो' नावाचे प्लाझ्मा टीव्ही आणले. जपानीत कुरो म्हणजे काळा. त्यांच्या काळ्याची वाखाणणी आजही होते, पण ते महाग होते आणि २००९ मध्ये कंपनीने टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्यात दुकानाचाही वाटा असावा, असं मला वाटतं. लखलखीत दिव्यांखाली टीव्ही मांडलेले असतात, तिथे चांगलं काळं दिसतच नाही. दिसतो तो भडकपणा. गिऱ्हाईक तोच घरी नेतं. पातळ टीव्ही आले तसं बाबांचं काम आटत गेलं. पॅनेल गेलं की दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. २०१२ मध्ये त्यांनी शटर ओढलं आणि सोल्डरिंग गन तेवढी घरी आणली.

पुढचं उत्तर ओलेडचं. १९८७ मध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्याचा पहिला व्यवहार्य नमुना मांडला, तोही कोडॅकमध्ये. ज्या कंपनीच्या फिल्मवर जगभरची टॉकीज चालली, तिच्याच प्रयोगशाळेत. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं हवं तिथे विझतो. माझा शोध इथे संपायला हवा होता. पण किंमत माझ्या पंधरा हजारांच्या तिपटीहून जास्त, शिवाय ठिपके वापराने झिजतात. दिवसाचे नऊ तास एकाच जागी कोडची तीच चौकट राहिली तर तिचा डाग कायमचा उमटायची भीती.

मी बाबांना आकडे दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "खिडकीचं काय?"

तेव्हा मी हिशेब केला. समजा खोलीत साधा दिव्याचा उजेड आहे, पडद्यावर २०० लक्स पडतोय आणि पडदा त्यातला दोन टक्के परत फेकतोय. तेवढ्यानेच काळ्या भागावर सुमारे सव्वा निट उजेड चढतो. आयपीएसच्या गळतीच्या चौपट! म्हणजे दिवा चालू असताना तीनही पॅनेलचं काळं जवळपास सारखंच राखाडी. आणि माझी खिडकी पश्चिमेला, अकोल्याच्या उन्हाकडे. जास्त पैसे देऊन मी जो काळोख आणणार होतो, तो संध्याकाळपर्यंत खोलीत उरलाच नसता. बहिरमच्या तंबूवाल्याला हे आकडेमोड न करता ठाऊक होतं.

शेवटी सत्तावीस इंची व्हीए घेतला आणि उरलेल्या पैशांत खिडकीला जाड दुहेरी पडदा शिवून घेतला. पहिल्या रात्री बाबांनी मला उठवून स्वतः खुर्ची घेतली. मॉनिटरमागची बारीक कळ बोटाने चाचपली आणि मेन्यूत शिरले. अंधारातला शत्रू दिसावा म्हणून काळं मुद्दाम उजळ करणारी एक सोय गेमिंग मॉनिटरमध्ये असते, ती त्यांनी आधी बंद केली. मग 'लिम्बो'तलं जंगल समोर ठेवून ब्राइटनेस खाली आणत गेले. झाडाचं खोड मागच्या धुक्यातून सुटून दिसलं, तिथे थांबले. आकडा २२ वर होता. तो मी अजून हलवलेला नाही.

पोराच्या शेपट्या पडतात, पळताना कडा थोड्या वाहतात. बाबांनी ते पहिल्या पाच मिनिटांत पकडलं. "चालते," म्हणाले, "पण काळं हाय." आता रात्री दहाच्या सुमारास ते वर येतात, मी खेळतो ते बघत बसतात. येताना जिन्यातला दिवा स्वतःच बंद करून येतात.