नळाचा खर्च, पाण्याची किंमत

बंगल्यापुढची हिरवळ असो की मोसंबीची बाग, सिंचनाचा खर्च म्हटला की आपण नळ्या, फिल्टर आणि पंप एवढेच मोजतो. जालन्याचा इतिहास या हिशेबात आणखी एक रकाना घालायला सांगतो.

सोळाव्या शतकात जमशेदखानाने जालन्याच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी शहरातल्या हौदांत आणले. आधी साठा, मग नळ, असा तो क्रम होता.

ठिबकच्या काळात हा क्रम उलटला. १९८० च्या दशकापासून राज्य ठिबक संचाला अनुदान देत आले. आज केंद्र व राज्य मिळून ते अल्प-अत्यल्पभूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत जाते. संच आवाक्यात आला. पाणी मात्र विहीर-बोअरच्या भरवशावर राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. कोणी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवली, कोणाला पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे तोडावी लागली. नळ्या शाबूत होत्या.

त्याच दुष्काळात कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. तिथे १९९६ ते २००२ दरम्यान खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाची कामे झाली होती: समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध. शेततळ्यांचा आणि द्राक्षांचा विस्तार त्यानंतरचा.

ठिबक पाणी वाचवते, निर्माण करत नाही. साठ्याचा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. आपण तो मोजला नाही, तर दुष्काळ व्याजासह वसूल करतो.