तरुण शिकणारा आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना

२०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एक अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांना विनामूल्य खुला करण्यात आला. सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग हे त्याचे अध्यापक होते. जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. अखेरपर्यंत टिकले ते मात्र वीस हजारांच्या घरातच. त्यावेळी या आकड्याचे कौतुकच झाले, कारण कोणत्याही एका वर्गखोलीत वीस हजार विद्यार्थी मावत नाहीत. पुढे कौतुक ओसरले आणि गळती तेवढी उरली. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांची सहा वर्षांची नोंद तपासणारा एक लेख २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यानुसार २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होते.

या दोन आकड्यांमधील अंतर बरेच काही सांगून जाते. नुसते डोकावून पाहायला आलेला आणि ठरवून शिकायला आलेला यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. तरीही ठरवून आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वाटेतच थांबतात, ही गोष्ट अभ्यासक्रम रचणाऱ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे.

त्यावर एक सोपे उत्तर तयार असते : आजच्या पिढीला धीर नाही. २०१५ च्या सुमारास तर माणसाचे अवधान आठ सेकंदांवर आले असून ते गोल्डफिश माशापेक्षाही कमी असल्याचा दावा जगभर छापून आला. या दाव्यामागे संशोधनाचा भक्कम आधार कधीच सापडला नाही, पण तो अजूनही अनेक व्याख्यानांत ऐकू येतो. आठ सेकंदांत ज्याचे लक्ष उडते, असा तरुण तीन तासांची क्रिकेटची लढत किंवा रात्रभर चालणारे दशावतारी नाटक पाहू शकला नसता. लक्ष असते, ते कोठे आणि कशासाठी टिकते, एवढाच प्रश्न आहे.

पिढ्यांची नावेही जपूनच वापरावीत. प्यू रिसर्च सेंटरच्या व्याख्येप्रमाणे १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेले ‘मिलेनियल’ आणि १९९७ पासून पुढचे ‘जेन झी’. लोकसंख्येच्या अभ्यासासाठी ही विभागणी उपयोगी आहे. परंतु १९९६ आणि १९९७ साली जन्मलेल्या दोन भावंडांना दोन निराळ्या पद्धतींनी शिकवावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. मोबाईल सफाईने हाताळणारा मुलगा मोबाईलवर अभ्यासही सफाईने करील, हे गृहीतकही असेच फसवे आहे. दृश्य शैलीचा, श्राव्य शैलीचा असे विद्यार्थ्यांचे प्रकार पाडून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवावे, ही कल्पना आपल्याकडील प्रशिक्षण वर्गांत फार लाडकी आहे. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची छाननी केली, तेव्हा तिला पुरेसा पुरावा नसल्याचेच आढळले.

रचनाकाराला पिढीच्या नावापेक्षा परिस्थिती अधिक काही शिकविते. वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारी तरुणी, हॉटेलातील रात्रीची पाळी संपवून कदंब बसने घरी परतणारा मुलगा, घरचे दुकान सांभाळून पदवीचा अभ्यास करणारा विद्यार्थी, यांच्यापाशी सलग तासभर नसतो. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे असतात, तेही थकलेले. अभ्यासक्रम त्या तुकड्यांत बसेल असा रचावा लागतो.

चित्रफितीची लांबी

याबाबत सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एडएक्सवरील चित्रफिती पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. चित्रफीत कितीही लांब असो, ती पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. वर्गातील तासाभराचे व्याख्यान चित्रित करून नंतर त्याचे तुकडे पाडण्यापेक्षा मुळातच छोट्या भागांचा विचार करून केलेले पाठ अधिक पाहिले गेले. भपकेबाज स्टुडिओपेक्षा आपल्या टेबलापाशी बसून बोलणारा शिक्षक विद्यार्थ्यांना अधिक धरून ठेवतो, आणि छापील स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, रेखाटत जाणे सरस ठरते, हेही त्यात दिसले. महागड्या कॅमेऱ्यांच्या निविदा काढण्यापूर्वी हा निष्कर्ष वाचायला हवा.

मात्र पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या एका प्रास्ताविक ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अभ्यास करून २०१५ मध्ये दाखवून दिले, की प्रत्यक्ष कृती करण्याचा शिकण्याशी दिसणारा संबंध चित्रफीत पाहण्याच्या किंवा मजकूर वाचण्याच्या मानाने सुमारे सहापट होता. त्याआधी, २००६ मध्ये, हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी एक साधा प्रयोग केला होता. एका गटाने तोच उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के मजकूर स्मरला, वाचणाऱ्यांना ४० टक्के. मौजेची गोष्ट अशी, की आपल्याला अधिक लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. ऑनलाइन अभ्यासक्रमातील मुख्य सापळा हाच आहे. सुबक चित्रफीत पाहून झाली, की समजल्यासारखे वाटते.

एक पाठ रचून पाहू

हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पदार्थाचा खर्च काढायला शिकवायचे आहे. नेहमीच्या पद्धतीत ‘खर्च म्हणजे काय’ या व्याख्येपासून पन्नास मिनिटांचे व्याख्यान सुरू होते. त्याऐवजी पहिल्याच पडद्यावर प्रश्न ठेवावा : बांगडा किलोला ३०० रुपये दराने घेतला. साफ केल्यावर किलोमागे ७०० ग्रॅम उरला. एका थाळीत साफ केलेला १४० ग्रॅम बांगडा जातो. थाळीतील मासळीचा खर्च किती?

उत्तर ६० रुपये. पण बरेच जण ४२ लिहितील, म्हणजे साफ करताना गेलेला भाग ते विसरले. काही ५४ रुपये ६० पैसे लिहितील. त्यांनी ३०० मध्ये ३० टक्के मिळवून ३९० चा दर धरला, वास्तविक ३०० ला ०.७ ने भागायचे होते. येथे पडद्यावर नुसते ‘चूक’ असे उमटणे हा शिकणाऱ्याचा अपमान आहे. ४२ लिहिणाऱ्याला एक सूचना मिळावी, ५४.६० लिहिणाऱ्याला दुसरी. या चुका कोणत्या, हे ज्याने वर्गात वर्षानुवर्षे शिकविले त्यालाच ठाऊक असते. सॉफ्टवेअर पुरविणाऱ्याला नाही. मग पाच मिनिटांची चित्रफीत, त्यानंतर नवे आकडे. आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या वेषात : १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी सुरू आहे, बांगड्याचा दर दुप्पट झाला, थाळीची किंमत वाढवावी की तुकडा लहान करावा? याला एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून यावर विद्यार्थी एकमेकांशी बोलतील. चर्चेसाठी असेच प्रश्न राखून ठेवावेत. ‘या पाठाबद्दल आपले मत लिहा’ असे म्हटल्यावर ‘छान पाठ’ याहून अधिक काही येत नाही.

गुण, पदके आणि क्रमवारीचे फलक लावून अभ्यासाला खेळाचे रूप देण्याची सध्या चलती आहे. मायकल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पूर्ण सत्रभर चाललेल्या अभ्यासात पदके व फलक असलेल्या वर्गाची प्रेरणा कालांतराने साध्या वर्गापेक्षा घटली आणि अंतिम परीक्षेतील गुणही कमी पडले. एका अभ्यासावरून सरसकट निर्णय देऊ नये, हे खरे. परंतु पदक मिळविण्यासाठी आलेला पदक मिळताच निघून जाणार, यात नवल नाही.

आपल्याकडची चौकट

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय मंचाची रचना चार भागांची आहे : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. कागदावर ही चौकट उत्तम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मंचावरून पूर्ण करता येतात, म्हणजे हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. पदवी त्यावर अवलंबून आहे. गोव्यात उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिष्टावो’ या उपक्रमातून गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर आधारित पाठ यूट्यूबवर उपलब्ध करून दिले. स्थानिक प्राध्यापकांनी स्थानिक विद्यार्थ्यांसाठी केलेले पाठ ही त्याची खरी जमेची बाजू.

पहिले दोन भाग एकदा करून ठेवता येतात आणि त्यांची संख्या अहवालात मांडता येते. तिसऱ्या भागात बहुधा पाठांतर तपासणारे बहुपर्यायी प्रश्न असतात. चौथा ओस पडतो. रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन वर्गासाठी तीन प्रकारची उपस्थिती आवश्यक मानली होती : विचारांची, सहाध्यायांची आणि शिक्षकाची. यांतील शेवटची चित्रफितीत साठवून ठेवता येत नाही. प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर येणे, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी शिक्षक प्रत्यक्ष भेटणे, तीन आठवडे न फिरकलेल्या विद्यार्थ्याला नावाने संदेश जाणे, असे तिचे रूप साधे असते.

२०२० च्या टाळेबंदीत नेटवर्कसाठी डोंगर चढणारी मुले गोव्यानेही पाहिली. त्यांना उच्च दर्जाच्या चित्रफितीपेक्षा उतरवून घेता येणारा ध्वनिपाठ आणि दोन पानांचे टिपण अधिक कामी आले असते. आजही प्रत्येक पाठ कमी क्षमतेच्या जोडणीवर आणि पाच इंची पडद्यावर तपासून मगच प्रसिद्ध करावा. त्याच पडद्यावर तो शिकला जाणार असतो.

राहतो प्रश्न शिक्षकाच्या वेळेचा. वर्गात घेतलेला तास कार्यभारात मोजला जातो. रात्री दहा वाजता चाळीस विद्यार्थ्यांच्या शंकांना दिलेली उत्तरे कोणत्या रकान्यात लिहायची, हे महाविद्यालयांनी अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागेल.