कंदील, रेडिओ आणि पाटाचं पाणी

बारामती-इंदापूरकडची म्हातारी माणसं घरात कुठली वस्तू कधी आली हे सालावरून सांगत नाहीत. 'कारखान्याचं पहिलं बिल आलं तवा', 'भात्तरच्या दुष्काळाच्या आदी', 'गाव उठलं त्या साली' अशा खुणा त्यांच्याकडे असतात. लहानपणी मला हे मोघम वाटायचं. पुढे त्याच खुणा पुस्तकांतल्या सालांशी ताडून पाहू लागले, तेव्हा ध्यानात आलं की आजी आणि तात्यांचा हिशेब फारसा चुकत नाही. आमच्या दोन तालुक्यांचा इतिहास लिहिला जातो तो धरणांचा, कारखान्यांचा आणि निवडणुकांचा. माळ्यावरच्या वस्तू खाली काढून विचारलं, तर तोच इतिहास दुसऱ्या अंगानं ऐकू येतो, आणि सांगणाऱ्यांत बायकांचा आवाज मोठा असतो.

आमच्या घरातली सगळ्यात जुनी चालू वस्तू म्हणजे कंदील. १८७६-७७च्या दुष्काळानं हा मुलूख पार धुऊन नेला. त्यानंतर सरकारनं नीरा डावा कालवा खोदला आणि १८८५च्या सुमारास नीरेचं पाणी आमच्या शिवारात खेळू लागलं. पाटाचं पाणी पाळीनं मिळतं आणि पाळी दिवस-रात्र बघत नाही. पाटकऱ्यानं सांगितलं की मध्यरात्रीसुद्धा दारं धरायला उठायचं. उसाच्या सरीत, गुडघाभर चिखलात, पायाखाली काय आहे ते दिसायला हवं. म्हणून बागायतदाराच्या घरात कंदील ही चैनीची वस्तू नव्हती, फावड्याइतकीच ती शेतीची वस्तू होती. आमचा कंदील प्रभाकर आहे. कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या आधारानं १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्याच्या भोवतीच्या वस्तीला आजही ओगलेवाडी म्हणतात. विलायती कंदिलांच्या काळात देशी काचेचा कंदील घरोघर पोचवणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आता सांगूनही पटत नाही.

आजी सांगायची ती कारखान्याची गोष्ट नव्हे, काच पुसण्याची. रोज तिन्हीसांजेच्या आधी चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घ्यायची, काचेत हात घालून काजळी काढायची, वात कात्रीनं सरळ कापायची. वात तिरपी कापली गेली तर ज्योत एका कडेला चढते आणि काच तडकते. काच फुटली की पुढच्या बाजारापर्यंत अंधार. घरात नव्या आलेल्या सुनेकडे पहिल्यांदा काय काम यायचं, तर हे. हात बारीक लागतो म्हणून. आमच्या कंदिलाची काच कितीदा बदलली याची गणती नाही, बर्नरही बदललाय, टाकीला खालून डाग दिलाय. तरी तो तोच कंदील आहे आणि वीज गेली की आजही पेटतो.

इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी १९३४ साली साखर कारखाना सुरू केला आणि वालचंदनगर वसलं. आजीच्या माहेरची माणसं गाडी जुंपून तिथले दिवे बघायला जात. ऊस घालायला नव्हे, नुसते दिवे बघायला! आजीची आई म्हणे परत येताना गप्प गप्पच होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बाई, तिथं काचा कुणी पुसत न्हाई."

गॅसबत्तीबद्दल थोडंच सांगते. ती घरोघर नव्हती. गावात दोन-चार घरांत असायची आणि लग्न, तमाशा, सप्ता असला की मागून न्यायची. तिचं मेंटल जळून एकदा राख झालं की हात लावायचा नाही, धक्का लागला तरी झडतं. त्यामुळे बत्ती धरणारा माणूस ठरलेला असे आणि वरातीत त्याचा मान नवरदेवाच्या घोड्याएवढा.

रेडिओवर मात्र मला थांबायचं आहे.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं. तात्या तेव्हा शाळकरी होते. गावात पहिला रेडिओ आला तो कुणाच्या घरी नाही, चावडीवर. बॅटरीवर चालायचा, लाकडी पेटीत कुलूपबंद, किल्ली एकाच माणसाकडे. संध्याकाळी माणसं चावडीपुढे बसायची. बायका समोरच्या घराच्या ओसरीवरून ऐकायच्या. 'गीतरामायण' १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे केंद्रावरून चालू होतं, ते आमच्या घरातल्या बायकांनी पहिल्यांदा असं ओसरीवरूनच ऐकलं. शब्द अर्धे वाऱ्यावर जायचे, चाल तेवढी पोचायची.

त्याच काळात पुणे केंद्रानं जे करून दाखवलं, त्याचं नाव जगभर झालं आणि आपल्याकडे मात्र ते विस्मरणात गेलं. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बांधली गेली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम. वीसेक माणसांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, आपल्या गावात यातलं काय करता येईल ते ठरवायचं, आणि शंका लिहून केंद्राला कळवायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, त्याचा अभ्यास केला आणि १९५९ साली युनेस्कोनं तो छापला. यंत्रानं सांगावं आणि गावानं मुकाट ऐकावं, असा तो प्रकार नव्हता. इथे गाव उलट बोलत होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आज प्रत्येकाच्या हातात यंत्र आहे आणि वीस माणसं मिळून एक गोष्ट ऐकत नाहीत.

घरचा रेडिओ पुढे आला, उसाच्या बिलातून. पन्नास-साठच्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले. गुऱ्हाळात गुळाच्या भावावर झुलणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात वर्षाचं एकरकमी बिल पडू लागलं. तात्यांनी त्यातून लाकडी पेटीचा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. तोवर बाजारात ट्रान्झिस्टर आले होते, स्वस्त आणि खिशात मावणारे, पण तात्या म्हणाले, आवाज घरभर फिरला पाहिजे. तो रेडिओ आजही आमच्या सोप्यात आहे आणि लागतो.

बटण फिरवलं की तो लगेच बोलत नाही. आधी डायलवरचा पिवळा दिवा लागतो, मग आतल्या व्हॉल्व्हच्या तारा तापायला अर्धा मिनिट जातो. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून पाहिलं की त्या लालसर होताना दिसतात आणि तापलेल्या धुळीचा एक खास वास येतो. मग आवाज लांबून चालत आल्यासारखा हळूहळू वर येतो. समोर हिरवा डोळा आहे, मॅजिक आय. स्टेशन नीट जुळलं की त्याच्या दोन पाकळ्या एकमेकींकडे सरकतात. डायलवर मीटरांचे आकडे आणि दूरदेशच्या शहरांची नावं. आत्या म्हणते, शाळेतल्या नकाशाआधी तिला कोलंबो या डायलवर भेटलं. बुधवारी रात्री सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला लागायची आणि छपरावरची जाळीची एरियल वाऱ्यानं हलली की आवाज यायचा-जायचा. मग धाकट्या चुलत्यांनी शिडीवर चढून ती धरून उभं राहायचं!

या रेडिओला लायसन्स होतं, हे आताच्या मुलांना सांगितलं की ती हसतात. दर वर्षी पोस्टात फी भरायची आणि पुस्तकावर नोंद करून घ्यायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. तात्यांनी ते पुस्तक रेडिओच्या पेटीतच ठेवलंय.

वीज घरात कशी आली, हे आत्याकडून ऐकावं. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली झालं आणि पुढच्या दशकात तारा आमच्या शिवारात आल्या. "वीज आदी हिरीवर गेली," आत्या म्हणते. "मोटार चालू झाली, उसाला पाणी मिळालं, समदं झालं. सैपाकघरात बल्ब लागायला आनि मदे लई दिस गेले. आमी कंदील घासतच व्हतो." तक्रारीचा सूर नसतो, पण ती हे दर वेळी सांगते. विजेच्या खांबांचा हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याही तक्त्यात ही गोष्ट सापडायची नाही.

स्वयंपाकघरात विजेचं पहिलं यंत्र आलं ते सुमीतचं मिक्सर. मुंबईत १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनं ते बनवलं. त्यांच्या पत्नी माधुरी यांचं परदेशी मिक्सर बिघडलं आणि इथे ते दुरुस्त होईना, त्यातून. विलायती यंत्रं आपल्या डाळीपुढे आणि खोबऱ्यापुढे हात टेकायची. आमच्या मिक्सरचे कार्बन आणि कपलर बदललेत, मोटार मूळचीच आहे. कांदा-लसणाचा मसाला अजून त्यातच होतो. आजीनं मात्र पाटा-वरवंटा शेवटपर्यंत अंगणातून हलू दिला नाही.

आणि आत्याचं शिलाई मशीन. तिचं सासर जुन्या पळसदेवचं. भीमेवर उजनीचं धरण बांधलं गेलं आणि सत्तरच्या दशकात इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं उठली. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ अजून वर येतं आणि लोक होड्यांतून ते बघायला जातात. आत्या जात नाही. घर उठवताना गाडीत जागा मोजकी होती. धान्य, भांडी, तुळया, दारं. सासऱ्यांनी मशीनला नकार दिला. आत्यानं लोखंडी स्टँड तिथेच सोडला आणि उषाचं वरचं मशीन मांडीवर घेऊन गाडीत बसली. नव्या वसाहतीत पहिली दोन वर्षं शेतं रांगेला लागली नव्हती, तेव्हा घर त्या मशीनवर चाललं. त्यासाठी सुताराकडून लाकडी पाट करून घेतला आणि हातानं फिरवायचं चाक बसवलं. ते अजून टीप सरळ घालतं.

या सगळ्या वस्तू टिकल्या त्याचं कारण त्या भारी होत्या एवढंच नव्हे. त्या उघडता यायच्या आणि उघडणारा माणूस बाजारात बसलेला असायचा. रेडिओच्या पाठीला चार स्क्रू, आत व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेले. ते हातानं उपसून दुसरे बसवायचे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनायचे आणि बारामतीच्या दुकानात मिळायचे. आता ते करणारी माणसं सत्तरीपुढे गेली आहेत आणि त्यांच्या हाताखाली कुणी शिकत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते, दौती गोळा केल्या म्हणून पेशवाईतल्या घराची ओळख उरली. विजेच्या पहिल्या पिढीतल्या घराची ओळख राखायला आपल्याकडे अजून कुणी बसलेलं नाही.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुनं यंत्र निघालं, तर लगेच भंगारवाल्याला घालू नका. आणि उत्साहानं एकदम विजेलाही जोडू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या रेडिओतले कपॅसिटर सुकलेले असतात, वायरीवरचं कापड कुजलेलं असतं. आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. पण त्याच्याही आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. हे कधी आलं, कुणाच्या पैशानं आलं, कोण वापरायचं, कोण दुरुस्त करायचं, ते विचारा आणि एका कागदावर लिहून त्या वस्तूच्या पाठीला आतून चिकटवा. घरात आजी असेल, तर तिलाच पहिल्यांदा विचारा.