धुळीची साक्ष, रक्तातली नोंद

१/
१९३० साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट बोगद्याचे खोदकाम सुरू झाले. खडकात सिलिकाचे प्रमाण मोठे होते. मजुरांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय, पोटासाठी दुरून आलेले. सिलिकाची धूळ श्वासावाटे आत गेली आणि शेकडो मजूर दगावले.

२/
१९३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. तोवर अनेक मजूर गाव सोडून गेले होते. कामावर येण्यापूर्वी त्यांची फुफ्फुसे कशी होती, याची नोंदच नव्हती.

३/
पुढचा प्रसंग न्यूयॉर्कचा. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळले. अग्निशमन दलाचे ३४३ जण त्या दिवशी मृत्युमुखी पडले. हजारो सहकारी पुढे कित्येक महिने सिमेंट, जिप्सम आणि काचतंतूंच्या धुळीत राबले. अनेकांना चिवट खोकला जडला.

४/
मात्र या दलात श्वासचाचण्या आधीपासून नियमित होत असत. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना शक्य झाली. एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा वयोमानाने वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते. कधीही धूम्रपान न केलेल्या जवानांत ती पहिल्याच वर्षी सरासरी ४३९ मिलिलिटरने घटली.

५/
सगळ्यांची फुफ्फुसे मात्र सारखी खालावली नाहीत. पुढे कोणाला अधिक धोका आहे, हे आधी ओळखता येईल का?

६/
घटनेनंतर सहा महिन्यांच्या आत घेतलेले रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यांवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात जीएम-सीएसएफ आणि एमडीसी ही दाहाशी निगडित प्रथिने वाढलेली होती, त्यांच्यात पुढे श्वासमार्गात अडथळा निर्माण होण्याची शक्यता अधिक आढळली.

७/
असे निर्देशक शक्यता सांगतात, एकेका माणसाचे भवितव्य नव्हे. शिवाय ज्या चाचणीने उपचार लवकर सुरू करता येतात, तीच चाचणी कामगाराला नोकरी नाकारण्यासाठीही वापरता येते. म्हणून नोंद कोणाच्या हाती, हा प्रश्न विज्ञानाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

८/
जानेवारी २०११ मध्ये झाड्रोगा कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि मदतकार्यातील आजाऱ्यांच्या तपासणीला व उपचारांना कायद्याचा आधार मिळाला. त्यांच्या बाजूने बोलायला वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. हॉक्स नेस्टच्या मृतांचा आकडा आजही अंदाजानेच सांगावा लागतो.