हिवाळी एकल गिरिभ्रमण, स्कॉटलंडमधील

हिवाळी एकल गिरिभ्रमण, स्कॉटलंडमधील : हिमाच्छादित डोंगरमाथ्यांवरून सोबतीशिवाय केलेली पायी भ्रमंती. स्कॉटलंडमधील पर्वत फार उंच नाहीत, बेन नेव्हिस (१,३४५ मी.) हे तेथील सर्वोच्च शिखर होय. तथापि अटलांटिकवरून येणारी वादळे व डिसेंबरअखेरीचा सु. सात तासांचा उजेड यांमुळे हिवाळ्यात हे माथे दुर्गम होतात.

बेन नेव्हिसच्या माथ्यावरील वेधशाळेत (१८८३–१९०४) निरीक्षक हिवाळ्यातही राहत. हिमाने दार बुजले, म्हणजे त्यांना मनोऱ्यातून बाहेर पडावे लागे. १८८९ मध्ये स्कॉटिश मौंटनिअरिंग क्लब स्थापन झाला. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये ३,००० फुटांहून (९१४ मी.) उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली व या छंदास निश्चित उद्दिष्ट मिळाले. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दर तीन मैलांस एक तास व दर २,००० फूट चढास आणखी एक तास, असा कालगणनेचा नियम सांगितला. खोल हिमात मात्र तो अपुरा पडतो; कारण पाऊल गुडघाभर रुतते व वाट पाडण्याचे श्रम एकट्यालाच करावे लागतात.

धुक्यात हिमाच्छादित जमीन व आकाश एकरूप होऊन क्षितिज नाहीसे होते. चढ-उतारही कळत नाही. कड्याबाहेर झुकलेला हिमाचा छज्जा भक्कम जमिनीसारखाच भासतो. अशा वेळी नकाशा, होकायंत्र व पावले मोजणे हाच आधार असतो. एकाकीपणाचा मनावरही परिणाम होतो. रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन कॉली १८९१ मध्ये बेन मॅकडूई शिखरावर एकटे असताना धुक्यात त्यांना पाठीमागे पावलांचा आवाज ऐकू आला व ते घाबरून खाली पळाले. ही हकीकत त्यांनी १९२५ मध्ये जाहीरपणे सांगितली.

सोबत असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्म पठारावर दिसून आले. हिमवादळात सापडलेल्या गटातील पाच शाळकरी मुले व एक तरुण साहाय्यक मार्गदर्शिका यांचा मृत्यू झाला. त्यांना ज्या निवाऱ्यात पोहोचायचे होते, तो त्यांना गाठता आला नाही. अशा उंचावरील निवाऱ्यांच्या भरवशावर अननुभवी लोक पठारावर जातात, असा आक्षेप घेण्यात आला. त्या वेळी आसरा नसेल तर जीव कसा वाचणार, असा प्रतिवादही झाला. अखेर तो निवारा काढून टाकण्यात आला.

मार्टिन मोरन यांनी १९८४–८५ च्या एकाच हिवाळ्यात सर्व मन्रो शिखरे पादाक्रांत केली. त्यांना पत्नीचे साहाय्य होते. २०१९ मध्ये भारतात नंदादेवी पूर्व शिखराच्या परिसरात त्यांचा मृत्यू झाला. एकट्या भटक्याने मार्ग व परतीची वेळ कोणास तरी कळवावी, हिमकुऱ्हाड बाळगावी व दृश्यता नाहीशी होण्यापूर्वीच परत फिरावे, असा संकेत आहे. त्याची चूक दाखवून देण्यास दुसरे कोणीही नसते; म्हणून माघार घेण्याचा निर्णय वेळीच घेणे, हेच त्याचे मुख्य कौशल्य ठरते.