थ्रॉबिंग ग्रिसल
थ्रॉबिंग ग्रिसल : श्रोत्यांच्या मनात हेतुपुरस्सर जुगुप्सा निर्माण करणारा ब्रिटिश संगीतवृंद. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टूटी, पीटर क्रिस्टोफरसन व क्रिस कार्टर हे त्याचे घटक. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कंटेंपररी आर्ट्‌स’मधील ‘प्रॉस्टिट्यूशन’ या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनप्रसंगी (ऑक्टोबर १९७६) त्याचे वादन झाले. कोझीची नग्न छायाचित्रे असलेली नियतकालिकांची पृष्ठे व ऋतुस्रावाने माखलेल्या वस्तू तेथे मांडल्या होत्या. संस्थेस सरकारी अनुदान असल्याने पार्लमेंटमध्येही वाद उद्‌भवला. वृत्तपत्रांतील निंदेची कात्रणे मग प्रदर्शनातच लावण्यात आली आणि समाजाची किळस हाच कलाकृतीचा विषय बनला. नग्नतेची विक्री चालवून घेणारा समाज तीच पृष्ठे कलादालनात पाहून दुखावतो, ही विसंगती या प्रयोगाने उघड केली. ‘औद्योगिक संगीत’ हा प्रकार याच वृंदापासून रूढ झाला. १९८१ मध्ये वृंद विसर्जित झाला.