काजळाचा फेरा

वाचकहो, मुंबईत चर्चगेटला उतरून आपण ओव्हल मैदानाकडे दोन पावले चाललात, की समोर हायकोर्टाची काळसर दगडी इमारत आणि तिच्या शेजारी राजाबाई टॉवर दिसतो. दोन्ही कामे १८७८ साली पुरी झाली. टोकदार कमानी, निमुळते होत गेलेले मनोरे, दगडात कोरलेली पाने-फुले आणि जनावरे. या धाटणीला गॉथिक म्हणतात. २०१८ साली युनेस्कोने इथल्या इमारतींचा हा सारा समूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. आता गंमत पाहा. याच शब्दाचा तुकडा, 'गॉथ', आमच्या भाईंदरच्या बाजारात मी हल्ली ऐकतो तो ओठांच्या रंगाच्या बाबतीत. स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर काळपट जांभळी लिपस्टिक मांडलेली असते, शेजारी जाड रेघ उमटवणारी काजळाची कांडी असते, आणि कॉलेजातल्या मुली एकमेकींना सांगतात, 'अगं, ही गॉथमधली आहे.' इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर असला शब्द पडला की त्याला राहवत नाही. हा शब्द दगडावरून ओठांवर कसा आला, ते आज पाहू.

गॉथ हे मूळचे युरोपातल्या जर्मन वंशाच्या टोळ्यांचे नाव. इ. स. ४१० मध्ये त्यांच्यातल्या एका शाखेने रोम शहर लुटले. त्यानंतर हजारएक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांना उत्तरेकडची टोकदार कमानींची चर्चे आवडेनात, तेव्हा त्यांनी त्यांना 'गॉथांची करणी' म्हणून हिणवले. आपल्याकडे 'गावंढळ' म्हणतात ना, तसेच. पण शिवीचेही कधी कधी भूषण होते. १७६४ साली होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज गृहस्थाने जुना किल्ला, शाप आणि भुते अशी कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक कथा' म्हटले. तेव्हापासून पडक्या वाड्याची, अंधाराची, गूढाची जी जी गोष्ट, ती गॉथिक झाली. एकोणिसाव्या शतकात तर इंग्रजांनी तीच धाटणी मानाची मानून मुंबईत उभी केली.

आता १९७९ सालाकडे येऊ. इंग्लंडात नॉर्थम्प्टन नावाचे गाव आहे, बूट बनवण्याबद्दल प्रसिद्ध. तिथल्या चार तरुणांनी त्या वर्षी एक लांबलचक, संथ, काळवंडलेले गाणे काढले. विषय होता बेला लुगोसी, १९३१ च्या बोलपटात ड्रॅक्युला झालेला नट. त्याच सुमारास लंडनमध्ये सूझी सू नावाची गायिका पांढराफेक चेहरा आणि कानापर्यंत ओढलेले काळे डोळे घेऊन मंचावर येत होती. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात अशा मंडळींसाठी एक क्लब निघाला. त्याचे नाव 'बॅटकेव्ह', म्हणजे वटवाघळांची गुहा. तिथे जमणाऱ्यांना लोक गॉथ म्हणू लागले.

काळ कसला होता? जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधला बेकारांचा आकडा तीस लाखांच्या पुढे गेला. त्याच महिन्याच्या १८ तारखेला आपल्या मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन्हीकडे कारखान्यांच्या चिमण्या थंडावत होत्या. गिरणगावातल्या पोरांचे काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. तिकडच्या काही पोरांनी तोंडाला पांढरे फासले, डोळे आणि ओठ काळे केले, काळे कपडे घातले. जाहिरातीतला गुलाबी गालांचा हसरा चेहरा आमचा नव्हे, हे त्यांनी न बोलता सांगितले. भांडण नाही, मारामारी नाही. दिवसाढवळ्या सुतकात असल्यासारखे राहायचे, पुस्तके वाचायची, गाणी ऐकायची. मला ते थोडे नाटकी वाटते, खोटे मात्र वाटत नाही.

पण हा चेहरा त्यांनी आणला कुठून? तो आला मूकपटांतून. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे ओठ पडद्यावर काळे उमटत, निरोगी कातडी मळकट दिसे. म्हणून नटनट्या तोंडाला पांढरट लेप लावीत आणि डोळ्यांभोवती काळे भरीत. म्हणजे गॉथ मंडळींचा तो भुताटकीचा चेहरा मुळात फिल्मच्या एका दोषातून निघाला! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हाही हीच अडचण होती. त्यांना आणखी एक मोठी अडचण होती. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. सिनेमात तोंड रंगवायला कलावंतिणीही तयार होईनात. शेवटी ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले.

अमेरिकेत मात्र १९१५ साली थीडा बारा नावाची नटी पुरुषांचा सत्यानाश करणाऱ्या बाईच्या भूमिकेत गाजली. अशा बाईला 'व्हँप' म्हणू लागले. हा शब्द व्हँपायरचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा, संक्षेप. ती होती ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीची, शिंप्याची मुलगी. पण चित्रसंस्थेने बातमी उठवली की ती इजिप्तच्या वाळवंटात जन्मली आहे. १९१७ साली तिने क्लिओपात्रा केली. डोळ्यांत भरलेले काळे म्हणजे पूर्वेकडची जादू, पूर्वेकडची धोकादायक बाई, असा प्रेक्षकांचा समज करून देण्यात आला.

आता तुम्हीच सांगा, हे पूर्वेकडचे काळे म्हणजे काय? इजिप्तमध्ये ते बहुतेक शिशाच्या खनिजाची पूड करून घालत. आपल्याकडे एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची वाटी उपडी धरायची, रात्रभरात जमलेली काजळी घरच्या तुपात खलायची आणि डबीत भरायची. त्यात भुताटकी कसली? उलट बाळाच्या गालावर तीट लावतो ती दृष्ट लागू नये म्हणून. कुंकू आणि काजळ हे सौभाग्याचे लेणे, आणि विधवेला दोन्ही वर्ज्य. तिकडे जो रंग सुतकाचा, तो आपल्याकडे मंगलाचा. (जाता जाता शिक्षक मंडळींना एक सांगतो. बाजारी सुरम्यात पुष्कळदा शिसे सापडते, आणि बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे डॉक्टर सांगतात. तीट कपाळापुरती ठेवावी हे बरे.)

असो. गॉथ मंडळींच्या या नटण्यावर फॅशनवाल्यांची नजर जायला फार वर्षे लागली नाहीत. १९९४ साली पॅरिसच्या शनेल कंपनीने जवळजवळ काळा भासणारा तांबडा नखरंग काढला. अमेरिकेत तो विकला गेला कोणत्या नावाने? 'व्हँप' या नावाने. ज्या शब्दाने बाईची निंदा व्हायची, तो बाटलीवर छापून आला. १९९६ साली कॅलिफोर्नियात 'अर्बन डिके' म्हणजे शहराची सडण अशा नावाची कंपनी निघाली. सगळीकडे गुलाबी आणि तांबडेच का, असा तिचा सवाल होता, आणि ती जांभळे, हिरवे, काळे रंग विकू लागली. २०१२ साली ती लॉरेआल या फ्रेंच कंपनीने विकत घेतली. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन विद्यालयाच्या संग्रहालयात गॉथिक पोशाखांचे मोठे प्रदर्शन भरले. डोळ्यांभोवती धुरकट काळे पसरायची रीत लग्नाच्या मेकअपमध्येही जाऊन बसली.

आणि ज्यांचा हा चेहरा, त्यांचे काय? ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आपल्या मित्राबरोबर रात्री बागेत होती. दोघेही गॉथ वेषात. काही पोरांनी त्या दोघांना लाथांनी तुडवले. मित्र वाचला, सोफी तेरा दिवसांनी गेली. भांडण नव्हते, चोरी नव्हती. त्यांचे दिसणे एवढाच त्यांचा गुन्हा. २०१३ साली मँचेस्टर भागातल्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून करायला सुरुवात केली. सोफीला तुडवले गेले तेव्हा व्हँप नखरंग बाजारात येऊन तेरा वर्षे झाली होती. तेच काळे दुकानातून घेऊन मेजवानीला लावले तर शोभा, आणि ते रोजचे जगणे म्हणून लावले तर लाथा. नटणे घरात घ्यायचे आणि नटणारीला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही जगाची रीतच दिसते.

वाचकहो, इंग्लंडची गोष्ट ऐकून 'गोऱ्यांचे असेच' म्हणू नका. आपल्या घरात डोकावू. 'श्री ४२०' हा १९५५ चा बोलपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात नर्गिस शाळामास्तरीण, नाव विद्या. आणि नादिरा झाली माया. विद्येचा चेहरा साधा, मायेच्या डोळ्यांची रेघ कोपऱ्याबाहेर गेलेली. आपल्याकडची मोजपट्टी हीच होती. काजळ डोळ्यांत राहिले तर कुलस्त्री, कोपरा ओलांडून बाहेर आले तर नटवी. पुढे बारा वर्षांत, १९६७ च्या 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस'मध्ये शर्मिला टागोरने सुशील नायिका आणि क्लबात नाचणारी अशा दोन्ही भूमिका केल्या, आणि दोघींच्याही डोळ्यांची रेघ बाहेर गेलेली! सत्तरच्या दशकात व्हँपचे कपडे, तिचे नाच, तिचे डोळे सगळे नायिकेकडे आले. हेलन, बिंदू यांच्यासारख्या नट्यांना मात्र वाट्याला येत राहिली ती दुसऱ्या बाईचीच भूमिका.

आणि लावणी? पायात चाळ, नऊवारी, ओठ लाल, डोळ्यांत भरून काजळ. हे रूप फडातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले, आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या. 'तमासगिरीण' हा शब्द आपल्या भाषेत कसा वापरला जातो, ते सांगायला नको. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' आणि १९७२ चा 'पिंजरा' यांनी ते रूप घरोघर नेले. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीतल्या मुली लावणीवर नाचतात, आई हौसेने काजळ रेखते, बाप फोनवर चित्र घेतो. मला त्याचा आनंदच आहे. पण १९३५ साली जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, ज्यांच्या फडाला माणूस माईना, ज्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, त्यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. २००२ साली त्या वारल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकारने सुरू केला तो त्यानंतर.

आमच्या भागातलीच एक गोष्ट सांगतो. मीरा-भाईंदरच्या हमरस्त्यावर बायका नाचतात असे बार होते. २००५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर अशा नाचावर कायद्याने बंदी आली. पण कायद्यात एक सवलत होती. तीन तारे वा त्याहून वरच्या दर्जाच्या हॉटेलांना आणि बड्या क्लबांना बंदी लागू नव्हती! रंगलेले तोंड, चमकीचा घागरा, सिनेमाचे गाणे तेच. जागा महाग असली की नीती सुरक्षित. एप्रिल २००६ मध्ये मुंबई हायकोर्टाने, म्हणजे लेखाच्या आरंभी पाहिलेल्या त्याच गॉथिक इमारतीत, हा भेदभाव आहे असे म्हणून बंदी रद्द ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. मधली वर्षे त्या बायकांनी कशी काढली, ते निकालपत्रातून कळत नाही. बारमधले सगळे चांगलेच होते असे माझे म्हणणे नाही. पण सवलतीचे ते कलम वाचले की मला शनेलची बाटली आठवते.

आणखी एक उदाहरण देतो, थोडे हलके. १८८३ साली पॅरिसमध्ये हिंदुस्थानातल्या एका पुजाऱ्याच्या मुलीची संगीतिका रंगमंचावर आली. मुलीचे नाव 'लाक्मे', म्हणजे फ्रेंच तोंडातून निघालेली आपली लक्ष्मी. १९५२ साली टाटांनी देशी सौंदर्यप्रसाधनांचा कारखाना काढला तेव्हा नाव ठेवले ते हेच, लॅक्मे. लक्ष्मी पॅरिसला जाऊन आली आणि तिचा भाव वाढला. काजळाचेही तसेच झाले. आजीच्या डबीतले जुनाट म्हणून टाकले, आणि कांडीत भरून परक्या नावाने आले तेव्हा रांगा लागल्या.

शिक्षक मंडळींकडे दरवर्षी एखादी तरी मुलगी येते, डोळे काळे करून वर्गात बसते म्हणून तक्रार झालेली. तिला रागवायचे की नाही, ते शाळेचे नियम ठरवतील. पण तिच्याशी बोलता आले तर बोला, ते काळे कुठून आले हे तिला विचारा. बहुधा तिला फोनवरच्या एखाद्या गोऱ्या मुलीचे नाव ठाऊक असेल. मग तिला नारायणगावबद्दल सांगा. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, भाव ठरतो, तारीख ठरते. मग फडाची गाडी जत्रेच्या गावी पोचते, आणि कनातीमागे, दिव्याच्या उजेडात, हातातल्या आरशात पाहून बाई काजळ घालायला बसते. पुष्कळ गावांत ही कनात अजून वेशीबाहेरच्या माळावर लागते.